पुढच्या रांगेतलं हसू

देवानंद इंगळे बदलीवर सोनाळ्याला आला तेव्हा सुरुवातीला जो भेटेल तो त्याला एकच विचारायचा, "कोणते इंगळे?" या जिल्ह्यात इंगळे कुणब्यांतही आहेत आणि बौद्धांतही, त्यामुळे नुसत्या आडनावावर लोकांचं भागत नाही. देवानंद सरळ सांगून टाकायचा, "लोणारकडचे, बीबीचे. बौद्ध." मग समोरचा "असं असं, चांगलं चांगलं" म्हणायचा आणि बोलणं कपाशीच्या भावावर न्यायचा. वीस वर्षांच्या नोकरीत या प्रश्नाचा राग येणं त्याचं बंद झालं होतं. एखादी म्हातारी आपल्या माहेरच्या नात्यातला कोणी निघतो का म्हणून विचारायची, एखादा दुकानदार पाणी कोणत्या ग्लासात द्यायचं म्हणून विचारायचा. शब्द तेच. कोण कशासाठी विचारतंय ते देवानंदला विचारणाऱ्याच्या पहिल्या अक्षरावरून कळायचं. कळायचं, पण कोणाला समजावून सांगता यायचं नाही.

तो पशुधन पर्यवेक्षक होता. सरकारी कागदावर दवाखान्याचं नाव लांबलचक, गावात मात्र 'ढोरांचा दवाखाना'. दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये तो, त्याची बायको महामाया आणि वडील इंद्रभान, अशी तिघं राहायची; लेक शिकायला बाहेर होती. महामाया शेजारच्या गावात आरोग्यसेविका होती. इंद्रभानची सत्तरी उलटली होती. सकाळी पेपर आणि संध्याकाळी गावातून एक फेरी, एवढाच त्याचा कार्यक्रम.

आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात देवानंद एका गल्लीत गुरांच्या कानाला बिल्ले मारत होता. भर दुपारची वेळ. तेवढ्यात गल्लीच्या टोकावरून धोतरवाला एक उंच म्हातारा हात हलवत ओरडला, "ओ ढोर डॉक्टर! सोडा ते, इकडे या लवकर! गाय अडली माही!"

चार घरांतली माणसं वळून पाहायला लागली. देवानंदच्या कानशिलावर कोणी चापट मारावी तसं त्याला झालं. त्यानं बॅग उचलली आणि म्हाताऱ्याच्या मागे निघाला, पण तो शब्द त्याच्या बरोबर चालत होता.

त्याला कारण होतं. देवानंदचा आजा बीबीजवळच्या एका खेड्यात गावकीची कामं करायचा. गावात ढोर मेलं की बोलावणं आजाला. मग दीक्षेचं वर्ष आलं. नागपूरहून परतल्यावर वस्तीनं बसून ठरवलं की यापुढे मेलेलं ढोर ओढायचं नाही. गावानं मजुरी बंद केली, दुकानातलं मीठमिरची बंद केलं, नदीकडे जायची वाट काट्या टाकून बंद केली. एका मोठ्या घरचा बैल मेला आणि फुगून वेशीजवळ पडून राहिला. वस्तीतलं कोणी हललं नाही. शेवटी ज्यांचा बैल होता त्यांनीच तोंडाला फडकी बांधून तो ओढत नेला. इंद्रभान तेव्हा सातआठ वर्षांचा होता. ही गोष्ट सांगताना तो दरवेळी त्या वासापाशी थांबायचा आणि मग हसायचा.

बारावीनंतर देवानंदनं गुरांच्या डॉक्टरकीच्या पदविकेचा फॉर्म भरला तेव्हा बापानं दिवसभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. संध्याकाळी म्हणाला, "ढोर मेलेलं ओढणं येगळं अन् जितं ठेवणं येगळं. जा तू."

म्हाताऱ्याचं नाव उकंडराव. त्याच्या कोठ्यात एक तांबडी गाय आडवी पडून धापा टाकत होती आणि त्याची बायको वच्छलाबाई तिच्या तोंडावरून हात फिरवत रडत होती. वासराचा एक पाय आत मुडपलेला. देवानंदनं शर्ट काढला, खांद्यापर्यंत साबण लावला आणि जमिनीवर पालथा पडून कामाला लागला. किती तरी वेळानं पाय सरळ झाला, दोर लागला, आणि उकंडरावनं मागून ओढल्यावर वासरू बाहेर आलं. कालवड होती. नाक साफ केल्यावर ती शिंकली.

वच्छलाबाईनं घरातली पितळी घागर आणून स्वतः देवानंदच्या हातावर पाणी घातलं आणि घरच्याच कपबशीत चहा दिला. देवानंदनं ते पाहिलं. अशा गोष्टी न पाहायच्या म्हटल्या तरी त्याला दिसायच्याच. उकंडराव दारातून शेजाऱ्याला ओरडून सांगत होता, "आपला ढोर डॉक्टर लय हुशार हाय बरं! हाताले डोळे हायेत त्याच्या!"

देवानंदनं कप खाली ठेवला. "मामा, ढोर काऊन म्हणता मला? माझं नाव आहे."

उकंडराव बुचकळ्यात पडला. "मंग काय म्हनू? माणसाचा डॉक्टर दुसरा हाय ना गावात. तुह्या अगुदरच्या सायबालेही म्हंत होतो. बामन होता तो. त्याले तं आम्ही सारेच ढोर डॉक्टर म्हनो. त्याचं नावही आठोत नाही आता."

परत आल्यावर देवानंदनं दवाखान्यातल्या जुन्या शिपायाला सहज विचारून पाहिलं, तर तोही म्हणाला, हो, आधीच्या सगळ्याच साहेबांना तसंच म्हणतात. त्या दिवसापासून तो शब्द उकंडरावच्या तोंडून आला की देवानंदला नुसती हाक ऐकू यायची. पुढं त्या हाकेत लाडही आला. रस्त्यानं जाताना नाही थांबला तर म्हातारा रुसायचा.

याचा अर्थ उकंडराव साधुसंत होता असा नाही. एकदा अंगणात बाजेवर बसून तंबाखू मळता मळता तो फार मायेनं म्हणाला, "खरं सांगू का बे देवानंद, तू त्यायच्यातला वाटतच नाहीस."

"त्यांच्यातला म्हणजे कोणातला?"

"आता तुले समजलंच ना."

"नाही समजलं. ते कसे वाटतात, मामा? माझा बाप कसा वाटतो तुम्हाला? रोज संध्याकाळी रामराम घालता त्याला."

उकंडरावचा हात थांबला. "म्या तं चांगलं म्हनलं तुले."

"तुम्ही मला चांगलं म्हणायला माझ्या सगळ्या माणसांना वाईट म्हटलं."

त्यावर म्हाताऱ्यानं तणतण केली, आजकाल माणसानं तोंडच उघडू नये असं म्हणाला, आणि आठवडाभर फिरकला नाही. मग एक दिवस ताजा खरवस घेऊन क्वार्टरवर आला, इंद्रभानच्या शेजारी ओट्यावर बसला आणि त्यालाच म्हणाला, "भाऊ, माहं चुकलंच. पोरगं खरं बोललं." त्याच्या बोलण्यात शब्द चुकायचे, पण माणूस जागेवर होता. विचारलं की थांबायचा. देवानंदला एवढं पुरे होतं.

गुरांवर लम्पीची साथ आली त्या वर्षी देवानंदच्या पायाला थारा नव्हता. लस, सलाईन, जखमांवरची औषधं, आणि जी जनावरं वाचली नाहीत त्यांच्यासाठी गावाबाहेर खोल खड्डे खणून चुना टाकून पुरायची व्यवस्था. मालक धजत नव्हते, तिथं त्यानं स्वतः उभं राहून ते करून घेतलं. साथ ओसरल्यावर परिसरातल्या दूध संस्थेनं खात्याबरोबर पशुपालकांचा मेळावा घेतला आणि त्यात देवानंदचा सत्कार ठरला.

संस्थेचे अध्यक्ष हिंमतराव. बागायत, संत्र्याची बाग, मोठी डेअरी, आणि बोलणं असं की ऐकत राहावं. कोणालाही 'जी' लावल्याशिवाय त्यांचं तोंड उघडायचं नाही. देवानंदला खुर्ची द्यायचे, त्याच्याबरोबर चहा घ्यायचे, लेकीच्या शिक्षणाची चौकशी करायचे. त्यांच्याबद्दल तक्रार करावी तर बोट ठेवायला जागा नव्हती.

मंडपात माणूस मावत नव्हता. देवानंदच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, आणि हिंमतरावांनी माईक घेतला.

"मंडळी, देवानंदजींचं कौतुक करावं तेवढं थोडं. या साथीत तुम्हाआम्हाला आपल्याच गोठ्यात शिरायचं तर नाकाला रुमाल लागत होता. पण यांचं तसं नाही. ढोरांशी यांचं नातं पिढ्यानपिढ्यांचं. जिवंत असो की मेलेलं असो, यांचा हात कधी मागे सरला नाही. हे कॉलेजात शिकवून येत नाही मंडळी. ते रक्तातच असावं लागतं!"

पुढच्या रांगेतून हसू उठलं. मोठं नव्हे. दबलेलं, खांदे हलवणारं, एकमेकांच्या मांडीवर थाप देणारं. मागं बसलेली पोरं हसली नाहीत, कारण त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलंच नाही. बायकांच्या बाजूलाही कोणी हसलं नाही. हसले ते पुढच्या दोन रांगांतले पांढऱ्या टोपीवाले, आणि व्यासपीठावरचे दोघं. ज्यांना जुनं गाव आठवत होतं ते. मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या.

देवानंद नारळ धरून उभा राहिला. माईक हातभर अंतरावर होता आणि त्यानं तो ओढून घेतला नाही. खात्याचे मोठे साहेब शेजारी बसले होते, कॅमेरे होते, सत्कारमूर्तीनं काय बोलायचं याचा एक रिवाज असतो. तो "धन्यवाद" म्हणाला. या एका शब्दासाठी तो पुढं कित्येक रात्री स्वतःला शिव्या देत राहिला.

भाषणाची क्लिप तो घरी पोचायच्या आधीच गावाच्या ग्रुपवर आली होती, खाली हात जोडल्याच्या आणि फुलांच्या चित्रांची रांग. महामायानं ती पाहिली होती आणि तिचं तोंड लाल झालं होतं. इंद्रभाननं फोन डोळ्यांजवळ धरून क्लिप पाहिली, परत लावायला सांगितली, आणि फोन खाली ठेवला.

"शिवी देली असती तं बरं झालं असतं," तो म्हणाला. "शिवीले उत्तर हाय. याले काय उत्तर देशील?"

"तक्रार करायची," महामाया म्हणाली. "गप्प बसलो तर पुढच्या कार्यक्रमात आणखी पुढं जातील."

"तक्रारीत लिहू काय? माझं कौतुक केलं म्हणून?"

"हसले ते लिहा."

देवानंदनं ते लिहिलं. कार्यक्रमात खात्याचंही नाव होतं म्हणून अर्ज बुलढाण्याच्या वरिष्ठांकडे गेला. त्यांनी आधी फोन करून समजूत घातली. "इंगळे, ते तर तुमचं कौतुक करत होते हो. मी स्वतः तिथं होतो. पोलिसांत गेलात तरी ते पहिलं हेच विचारतील, जातीचं नाव घेतलं का? नाही घेतलं." देवानंद हटला नाही, तेव्हा नाइलाजानं एक चौकशी लागली. वरिष्ठ साहेब, त्यांच्या जोडीला दुसरे एक अधिकारी, आणि कायद्याच्या बाजूनं सुचिता मॅडम म्हणून एक बाई.

बसनं घाट चढून देवानंद बुलढाण्याला पोचला तर कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकावर उकंडराव बसलेला. धुवट धोतर, डोक्यावर नवीन टोपी. देवानंदला काही कळेना.

"हिंमतरावनं गाडीत घालून आणलं मले," म्हातारा म्हणाला. "म्हने साक्ष द्यायची हाय. खरं बोलाचं म्हने. मंग म्या म्हनलं, येतो."

आत हिंमतराव पांढऱ्या शर्टात शांत बसले होते. देवानंदला पाहून उठून नमस्कार केला. साहेबांनी क्लिप लावली, बंद केली आणि विचारलं, "इंगळे, यातला नेमका कोणता शब्द तुम्हाला आक्षेपार्ह वाटतो?"

"शब्द नाही साहेब. वाक्य कोण बोललं, कोणाबद्दल बोललं आणि कशासाठी बोललं, ते पाहा. माझ्या आजाकडून मेलेली ढोरं ओढवून घेतली जायची. ते यांना माहीत आहे. त्याच्यावरून हे बोलले."

"असं ते म्हणाले का?"

"नाव न घेता म्हणाले. नाव घ्यायची गरजच नव्हती."

हिंमतराव अगदी वाईट वाटल्यासारखे म्हणाले, "देवानंदजी, तुमचे आजोबा काय करायचे ते मला कसं माहीत असणार? मी साथीबद्दल बोलत होतो. मेलेली जनावरं तुम्हीच पुरलीत ना? त्याचंच कौतुक केलं. पिढ्यानपिढ्या म्हणजे शेतकऱ्याच्या घरचे, असं म्हणायचं होतं."

"मग हसले का?" देवानंद म्हणाला. त्याचा आवाज चढला आणि त्याला तो खाली आणता येईना. "तुम्ही पुन्हा लावा ती क्लिप. ऐका. जनावरं मेली, माणसं घाबरली, एक कर्मचारी राबला. यात हसण्यासारखं काय आहे ते मला कोणीतरी सांगा. कौतुक असेल तर पुढची रांग हसली का?"

दुसऱ्या अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. "लोक हसले त्याला अध्यक्ष काय करणार?"

"ज्यांच्यासाठी बोलले ते हसले."

"इंगळे, हसणं कोणत्या कलमात बसवायचं?" साहेब म्हणाले. मग त्यांनी उकंडरावला आत बोलावलं. "बाबा, तुम्ही इंगळेंना काय म्हणता?"

"ढोर डॉक्टर म्हनतो."

"सगळ्यांसमोर म्हणता?"

"हाव. सारं गावच म्हनते."

"त्यांनी तुमच्यावर कधी तक्रार केली?"

"नाही. पयल्यांदा राग आल्ता त्याले, पन मंग म्या त्याले सांगतलं का..."

"बस बस, तेवढं पुरे."

"पुरे कसं? आयका तं खरं. म्या म्हनतो ते येगळं अन् हे हिंमतराव..."

"बाबा, विचारलं तेवढंच सांगायचं असतं. या तुम्ही." शिपायानं म्हाताऱ्याला दंडाला धरून बाहेर नेलं. साहेब देवानंदकडे वळले. "पाहा, तोच शब्द. एकाचा चालतो, दुसऱ्याचा चालत नाही. असं कसं चालेल?"

असंच चालतं साहेब, सगळ्या जगात असंच चालतं, बायको नवऱ्याला गाढव म्हणते आणि सावकारही म्हणतो, दोन्ही एकच का? हे सगळं देवानंदच्या तोंडापर्यंत आलं. पण समोरच्या माणसांनी कागद आवरायला घेतले होते.

बाहेर पडताना सुचिता मॅडम व्हरांड्यात त्याच्याजवळ थांबल्या. "मला कळलं तुम्ही काय म्हणता ते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मीही क्लिप ऐकली. ते हसू मलाही ऐकू आलं. पण कागदावर काय लिहू, सांगा."

"जे ऐकू आलं ते लिहा, मॅडम."

निकालात लिहून आलं ते असं: गैरसमजातून प्रकार घडला, कोणताही अपशब्द वापरल्याचं दिसून येत नाही, उभयपक्षी सलोखा राखावा. सलोखा राखायला देवानंदला त्याच्या वरिष्ठांनी तोंडी सूचनाही दिली. हिंमतरावांनी घरी पेढ्यांचा बॉक्स पाठवला. महामायानं तो आणणाऱ्याच्या हातातच परत दिला.

पेढ्यांपेक्षा वाईट पुढं होतं. उकंडरावची हाक बंद झाली. देवानंद गल्लीतून गेला तर म्हातारा घाईनं आत जायचा. एक दिवस कालवड आजारी पडल्याचा निरोप आला तो शेजाऱ्याकडून, आणि देवानंद गेला तर उकंडराव दारात हात जोडून उभा. "या साहेब. बसा साहेब."

देवानंदनं कालवडीला इंजेक्शन दिलं, हात धुतले, आणि तिथंच उभं राहून विचारलं, "मामा, काय झालं?"

"काही नाही साहेब."

वच्छलाबाईला राहवलं नाही. "अवं भाऊ, परत येतानी गाडीत हिंमतरावच्या माणसानं यायले सांगतलं, तुमच्यावरही केस होऊ शकते म्हने. रोज ढोर म्हनता त्याले, साक्षीत कबूलही केलं. तवापासून जेवत नाहीत धड. तुमचं नाव घ्याले भेतात."

देवानंद खाली बसला. म्हाताऱ्याचा त्याला राग आला आणि कीवही आली. "मी तुमच्यावर केस करीन असं वाटलं तुम्हाला?"

"मले काय माईत?" उकंडराव एकदम उसळला. इतक्या दिवसांचं भेव रागानं बाहेर पडत होतं. "कोनता शब्द चालते अन् कोनता चालत नाही, मले काय माईत? तू एक बार सांगून दे. लिवून दे पाह्यजे तं. तेवढे शब्द म्या तोंडातून काढत नाही, मंग झालं?"

"शब्दांचं नाही हो मामा! तिथं तेही हेच विचारत होते अन् इथं तुम्हीही हेच विचारता! असं लिहून देता आलं असतं तर तो हिंमतराव ते पाठ करून त्याच्या बाहेरचं बोलला असता. बोललाच ना तो. 'जी' लावून बोलला."

"मंग माह्यासारख्यानं वळखावं कसं?"

"तुम्ही ओळखलं होतं. खरवस घेऊन माझ्या बापाजवळ येऊन बसला तेव्हा कोणी शिकवलं तुम्हाला? आणि त्या दिवशी साहेबांसमोर 'म्या म्हनतो ते येगळं' म्हणाला, तेव्हा? चार शिकलेल्या माणसांत तुम्हीच ते बोलायला गेला."

"बोलू कुठी देलं मले?" म्हाताऱ्याचे डोळे भरले. "दंडाले धरून काढलं ना बे भायेर. माह्या उमरच्या माणसाले."

वच्छलाबाईनं चहा टाकला. निघताना उकंडराव फाटकापर्यंत आला, काही बोलायला म्हणून तोंड उघडलं, आणि कोणती हाक मारावी हे न सुचून नुसता देवानंदच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. पूर्वीची मोकळीक नंतर थोडीथोडी आली, पण त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यात एक अडखळ कायमची राहून गेली. देवानंदला हिंमतरावांच्या भाषणापेक्षा या गोष्टीचा जास्त संताप यायचा. ज्याच्या मनात काही नव्हतं तो जपून बोलायला लागला, आणि ज्याच्या मनात होतं तो तसाच मोकळा फिरत होता.

पावसाळ्याआधी दूध संस्थेची सभा झाली. लाळ्या-खुरकूतच्या लसीची माहिती द्यायला खात्यातर्फे देवानंदला जावं लागलं. हिंमतरावांनी हसतमुखानं ओळख करून दिली, "आपले देवानंदजी, थोडे हळवे आहेत, पण मनानं फार चांगले." पुढच्या रांगेत परत एकदोन खांदे हलले.

देवानंदनं माईक घेतला. लस कधी, कोणत्या वयाच्या जनावराला, गाभण गाईचं काय, सगळं नीट सांगितलं. लोकांनी शंका विचारल्या, त्यांची उत्तरं दिली. मग तो माईक खाली न ठेवता म्हणाला, "आणखी एक सांगतो. मागच्या कार्यक्रमात इथल्या काही मंडळींना हसू आलं होतं. मागच्या पोरांना ते कळलं नसेल, म्हणून त्यांना सांगतो." आणि त्यानं आजाची गोष्ट सांगितली. गावकीचं काम, दीक्षा, बंद झालेलं मीठ, वाटेवरच्या काट्या, वेशीजवळ पडून राहिलेला बैल. "ढोरांशी आमचं नातं असं होतं. ते आम्ही मागून घेतलं नव्हतं, आणि आम्ही ते हातानं तोडलं. मी आज गुरांना हात लावतो तो शिकून, पगार घेऊन, माझ्या मर्जीनं. रक्तात काही नसतं. अध्यक्षांना हे माहीत नव्हतं म्हणतात. आता माहीत झालं. यापुढं जे बोलतील ते माहीत असून बोलतील."

सभा गार पडली. मागून एकदोन पोरांनी टाळी वाजवली आणि आजूबाजूला पाहून थांबवली. पुढच्या रांगेतला एक जण मोठ्यानं म्हणाला, "हे इथं काढायचं काय काम होतं? लसीचं बोला म्हटलं होतं." दुसरा म्हणाला, "जुनं उकरून काय भेटते?" उकंडराव मधल्या रांगेत होता. तो उठून उभा राहिला, सगळीकडे पाहिलं, आणि काही न बोलता खाली बसला. काय बोलावं हे त्याला सुचलं नसावं, पण तो उभा राहिलेला सगळ्यांनी पाहिला.

हिंमतरावांनी मंडपाच्या दारात देवानंदला गाठलं. चेहऱ्यावरचं हसू जागेवर होतं. "देवानंदजी, तुम्ही फार मनाला लावून घेता हो."

"हो, लावून घेतो."

पुढचे काही आठवडे बरे गेले नाहीत. काही घरांनी त्याला बोलावणं बंद करून खाजगी डॉक्टर गाठला. काही घरं, जी आधी नुसती कामापुरती बोलायची, ती आता चहाला थांबवायला लागली. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं इंद्रभानला रस्त्यात गाठून त्या बैलाची गोष्ट परत सांगायला लावली, आणि इंद्रभाननं वासाच्या जागी थांबून ती पूर्ण सांगितली. हिंमतराव पुढच्या सभांत देवानंदचं नाव घेईनासे झाले. त्यातून काय समजायचं हे देवानंदला ठरवता आलं नाही.

लसीकरण सुरू झालं त्या सकाळी तो आईसबॉक्स गाडीला बांधत होता, तेव्हा बुलढाण्याहून साहेबांचा फोन आला. "इंगळे, सोनाळ्याहून तोंडी तक्रारी येताहेत. मी म्हणतो, बदली करून देऊ का? तुमच्या गावाकडे, लोणार तालुक्यात जागा आहे. तुमच्याच सोयीसाठी म्हणतो."

"माझ्या सोयीसाठी कशी साहेब? बायकोची नोकरी इथं, बाप इथं रमलाय. मी अर्ज केला नाही."

"तिकडे तुमची माणसं आहेत. तुम्हाला बरं पडेल."

"माझी माणसं म्हणजे?"

"पाहा, पुन्हा तुम्ही शब्द धरता. मी चांगल्यासाठी बोलतो आणि तुम्ही शब्द धरता. तुमच्याशी बोलावं तरी कसं?"

देवानंदनं डोळे मिटले. साहेबांच्या मनात खरंच काही नसेलही. असेलही. ते खोदून पाहायचं त्राण त्या सकाळी त्याच्यात नव्हतं, आणि सोडून द्यायची त्याची तयारीही नव्हती.

"मला बदली नको साहेब," तो म्हणाला. "आणि 'माझी माणसं' याचा अर्थ तुम्ही सवडीनं मला सांगा. मी परत फोन करीन."

साहेब काहीतरी बोलले, ते त्याला नीट ऐकू आलं नाही. महामायानं दारातून डब्याची पिशवी पुढं केली. ऊन तापायच्या आत आईसबॉक्समधली लस संपवायची होती. त्यानं फोन खिशात टाकला, गाडीला किक मारली आणि यादीत पहिलं घर होतं तिकडे, हिंमतरावांच्या डेअरीकडे, निघाला.